गोखल्यातली वेल: चांपानेरच्या जामा मशिदीतल्या प्रकल्प नोंदी

२१ नोव्हेंबर २०२४

आजपासून काम सुरू. सहाला वडोदरा सोडलं, हालोल येईपर्यंत उजाडलं. पावागड धुक्यात अर्धा बुडालेला, माथा तेवढा वर. आठच्या आत जामा मशिदीच्या पूर्वेकडच्या दारात पोचलो. परवानगीचा कागद चौकीदारकाकांना दाखवला, तिपाईची नोंद केली, सामान ओवरीत ठेवलं.

कामाची हद्द इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाहवत जायला नको. दर्शनी भिंतीतल्या दोन मिनारांचे तळ, जोत्यापासून छताच्या रेषेपर्यंत, एकास दहा प्रमाणात. त्यांतले गोखले, म्हणजे कोरीव कोनाडे, एकास दोन प्रमाणात. आणि मधल्या घुमटातून जाणारा एक उभा छेद. एवढंच. मशीद एवढी मोठी आहे की सगळंच काढायला बसलो तर काहीच पुरं होणार नाही.

या वास्तूचे फोटो उदंड आहेत, मोजून काढलेली आरेखनं मोजकी. ब्रिटिश काळातले पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांच्या सर्वेक्षणाचा चांपानेरवरचा खंड १८९६ साली छापला गेला; आजही कागद पसरायचा म्हटलं की आधी तोच उघडावा लागतो. मधल्या सव्वाशे वर्षांत दगड मात्र थांबलेला नाही. पावसाळ्यात पाणी पितो, उन्हाळ्यात क्षार वर आणतो, आणि कोरीवकामाचा वरचा पापुद्रा सुटतो. आज मिनाराच्या तळाशी हात टेकला आणि तळव्याला पिवळसर भुकटी लागली. ज्या पानाचा तो कण होता ते पान आजच्यापेक्षा उद्या थोडं कमी असणार. म्हणून हे काम.

टीम: मी, वास्तुशास्त्राचे दोन विद्यार्थी (एक मुलगी, एक मुलगा), आणि आठवड्यातून दोन दिवस सोमपुरा मिस्त्रीकाका. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या देवळाचा दगड घडवतात.

२२ नोव्हेंबर

मुलांना आधी शहर दाखवलं. मशिदीत थेट बसवलं असतं तर ती एकटीच वास्तू आहे असं त्यांना वाटलं असतं.

गडाच्या पायथ्याशी दुहेरी रचना आहे. आत राजाचा भाग, हिसार-ए-खास, ज्याला अहमदाबादसारखंच भद्र म्हणतात. त्याच्या तटाच्या आत आजही चांपानेर गाव नांदतं. तटाला टेकून म्हशी बांधलेल्या, बुरुजावर मिरच्या वाळत घातलेल्या. भद्राच्या पूर्व दरवाजातून बाहेर पडलं की जामा मशीद. त्यापुढे जंगल, आणि जंगलात शहर. पळसाच्या झाडीत एकदम एक घुमट दिसतो, पुढे मातीच्या उंचवट्यातून विटांची भिंत डोकावते. मुलगी म्हणाली, ‘ताई, आपण आत्ता रस्त्यावर उभे आहोत की कुणाच्या घरात?’ प्रश्न बरोबर होता. आम्ही बहुधा कुणाच्या तरी ओसरीवर उभे होतो.

१९७०च्या दशकात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने प्रा. र. ना. मेहता यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं. रस्ते, घरं, बागा, पाण्याचे पाट असा अख्खा नगराचा आराखडा वर आला. त्यातल्या ‘अमीर मंझिल’ची बाग पाहिली. दगडी पाट वळणं घेत जातात, पाण्याने खेळत खेळत जावं म्हणून. २००४ साली युनेस्कोने चांपानेर-पावागड जागतिक वारशात घेतलं तेव्हाचा मुख्य मुद्दा हाच होता: मुघलांच्या आधीचं एक अख्खं इस्लामी शहर, ज्यावर नंतर कुणी दुसरं शहर चढवलं नाही. सुमारे १,३२९ हेक्टर.

आपल्या लोकांचा संबंधही सांगितला. अठराव्या शतकात पावागड शिंद्यांकडे आला. १८०३ साली ईस्ट इंडिया कंपनीने घेतला, पुढच्याच वर्षी परत दिला, आणि १८५३ पर्यंत पंचमहाल शिंद्यांच्याच अमलाखाली होता. वडोदऱ्यात दांडिया बाजारात वाढलेली मी. आमच्या घरी पावागड म्हणजे महाकाळीचा डोंगर. नवरात्रात वर जायचं, खाली उतरून भुईमुगाच्या शेंगा खायच्या आणि एस.टी. पकडायची. खालची मशीद मी पहिल्यांदा नीट पाहिली ती कॉलेजात गेल्यावर. एवढी वर्षं तिच्यावरूनच बस जात होती.

२५ नोव्हेंबर

आजचा दिवस शब्दांचा. कागदावर रेघ मारण्याआधी प्रत्येक थराला नाव हवं, नाहीतर तीन जणांच्या वहीत तीन वेगळ्या खुणा होतात.

मिस्त्रीकाका मिनाराच्या तळाशी उकिडवे बसले आणि खालून वर बोट नेत गेले. ‘जो बेन, आ खरो. एनी उपर कुंभो. पछी कळशो. पछी केवाळ.’ देवळाच्या भिंतीच्या पायाशी जे थर असतात, तेच, त्याच क्रमाने. आमच्या पुस्तकी मराठीत खुर, कुंभ, कलश, कपोत. मुलगा चकित झाला. त्याला वाटत होतं मशिदीच्या भागांची नावं फारसीच असणार. फारसी-अरबी नावंही आहेतच: मिहराब (मक्केच्या दिशेचा कोनाडा), मिंबर (प्रवचनाचं व्यासपीठ), लिवान (नमाजाचं दालन). पण ती वास्तूच्या उपयोगाची नावं. दगडाच्या अंगाची नावं इथल्या मातीतली आहेत, कारण हात इथलेच होते.

खांबांचंही तसंच. तळाशी कुंभी, वर शरू, त्यावर पाट. आपल्या वाड्यातले तळखडा, हस्त आणि तुळई डोळ्यांपुढे आणले की गणित लगेच जुळतं. दर्शनी भिंतीला कमानी आहेत, पण तिच्या मागे सगळं वजन खांब आणि तुळया पेलतात. कमान पुढे उभी राहून स्वागत करते, घर खांबांनी तोललं आहे.

वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही भाषांतला तक्ता चिकटवला. एक शब्द मात्र गुजरातीच ठेवायचं ठरलं: गोखलो, आमच्या तोंडी गोखला. मराठी ग्रंथांत देवकोष्ठ म्हणतात, पण या कोष्ठात देव नाही. कोनाडा म्हणावं तर फारच घरगुती, दिवा-काडेपेटी ठेवायचा. गोखला ठीक.

२८ नोव्हेंबर

तीन दिवसांची मापं रद्द.

दक्षिणेकडच्या मिनाराच्या तळाची बेरीज जुळत नव्हती. एकेक थर वेगळा मोजून केलेली बेरीज आणि एका दमात घेतलेलं माप यांत पाच सेंटिमीटरचा फरक. आधी वाटलं वाचताना चुकलं, मग वाटलं थर कललेत. संध्याकाळी मुलीने टेप हातात घेऊन टोकाचा पत्रा हलवून पाहिला. रिव्हेट ढिली होऊन तो पत्रा वाकला होता, दर मापामागे तीन-चार मिलिमीटर खात होता. एका मापात ते कळत नाही. पंधरा थरांत पाच सेंटिमीटर होतात.

चूक माझी. टेप माझी, जुनी, सवयीची. निघण्यापूर्वी पोलादी पट्टीवर ताडून घ्यायची होती. आता नियम: रोज सकाळी टेप पट्टीवर ताडायची, आणि मापं नेहमी एकाच आधाररेषेपासून चढती घ्यायची, थराथराची वेगळी नाही. आधाररेषेसाठी गवंड्यांची पाण्याची नळीच वापरली. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांची पातळी एकच. तिच्यात बिघडायला काही नाही. मिस्त्रीकाकांनी ओळंबा सोडला. नळी आणि ओळंबा, मशीद पुरी झाली त्या १५०८ सालच्या गवंड्याकडेही याच जातीची साधनं असणार.

३ डिसेंबर

उजेडाचा धडा मिळाला, तो नीट लिहून ठेवते.

दर्शनी भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी आठला सूर्य समोरून येतो, सगळं लख्ख दिसतं आणि कोरीव काहीच कळत नाही. उठाव सपाट होतो. दुपारी एकनंतर भिंत सावलीत जाते. या दोन्हींच्या मध्ये, थंडीच्या दिवसांत साधारण बारा ते साडेबारा, सूर्य दक्षिणेला असतो आणि ऊन भिंतीला घासून जातं. त्या अर्ध्या तासात दगड बोलतो. केसाएवढा उठावही सावली टाकतो. सकाळी ज्या जागी ‘झिजलेले, अस्पष्ट’ असं लिहिलं होतं, तिथे सव्वाबाराला देठ दिसलं, देठाच्या मधली शीर दिसली, आणि एका पानाची कड छिन्नीने आतून कापून मोकळी केलेली दिसली.

तेव्हा दिवसाची आखणी बदलली. सकाळी मापं, बारा ते साडेबारा फक्त डोळे आणि पेन्सिल, कुणी बोलायचं नाही. जेवण त्यानंतर. फोटोंचा संचही याच वेळेत, सत्तर टक्के एकमेकांवर चढणारा, म्हणजे संगणकावर त्रिमिती बांधता येईल.

५ डिसेंबर

चौकीदारकाकांनी विचारलं, ‘बेन, आ केटला वरस जूनी?’ मुलाने पाटीवरचं वर्ष वाचून दाखवलं. मी त्यांना त्या वर्षाची गंमत सांगितली. ही मशीद पुरी झाल्याची तारीख ‘खुतबा व मिंबर’ म्हणजे ‘प्रवचन आणि व्यासपीठ’ या शब्दांत बांधलेली आहे. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक अंक असतो. आम्ही जोत्यावर खडूने बेरीज मांडली:

खुतबा: ख ६००, त ९, ब २, ह ५, म्हणजे ६१६. मधला व ६. मिंबर: म ४०, न ५०, ब २, र २००, म्हणजे २९२. एकूण ९१४.

हिजरी ९१४, म्हणजे इसवी १५०८-०९. काकांनी बोटांवर पुन्हा बेरीज केली, बरोबर आली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. बावीस वर्षं इथे राखण करतात. म्हणाले, आता कुणी विचारलं तर पाटी न बघता सांगेन.

खडूची बेरीज नंतर पाण्याने पुसून टाकली.

६ ते ९ डिसेंबर

उत्तर मिनाराचा तळ. फक्त मापं. विशेष नाही.

११ डिसेंबर

छेदासाठी मधला भाग. आज मान दुखेपर्यंत वर पाहिलं.

मुख्य मिहराबासमोरचा हा भाग बाजूच्या छतापेक्षा उंच चढत जातो, मजल्यावर मजला, आणि सर्वांत वर घुमट. मधे पोकळी, तिच्या भोवती खांबांचे सज्जे. सज्ज्यांना बाहेर कललेली दगडी पाठ, देवळाच्या सभामंडपात असते तशी कक्षासनं. ऊन सरळ आत कधीच येत नाही. ते सज्ज्याच्या खांबांमधून शिरतं, छताच्या खालच्या अंगावर आपटतं आणि मवाळ होऊन खाली उतरतं. हवाही तशीच. बाहेर जोत्यावर भर दुपारी अनवाणी उभं राहवत नाही, आत फरशी गार. गुजरातच्या उन्हाला गुजरातच्याच कारागिराने दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते इतकं पुरेपूर आहे की यापुढे काही करायला जागा उरत नाही.

घुमटाची बांधणी खालून स्पष्ट दिसते. चौकोनाचा अष्टकोन तुळया टाकून केला, मग दगडाचे आडवे थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला. लेसर मीटरने प्रत्येक कड्याची उंची घेतली. मुलगा वाचत होता, मुलगी लिहीत होती, मी नुसती ऐकत होते. आकडे वाढत वाढत कळसापाशी एकमेकांजवळ येत गेले.

कामाला धरून नाही, पण लिहिते: आज काम संपल्यावर तिघंही मिहराबासमोर दहा मिनिटं गप्प बसलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

१५ डिसेंबर

पौर्णिमेच्या निमित्ताने गडावर तुफान गर्दी, गाड्यांची रांग पार हालोलपर्यंत. मशिदीत काम शक्य नव्हतं, मुलांना घेऊन पाणी पाहायला गेले.

हालोल रस्त्यावरची गोल विहीर आधी. बाकीच्या वावांसारखा (पायऱ्यांच्या विहिरींसारखा) सरळ उतरता जिना इथे नाही. विहिरीच्या भिंतीला चिकटून सव्वा मीटर रुंदीच्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत जातात, शंखाच्या आतल्या वळणासारख्या. नंतर वडा तलाव, काठावर खजुरी मशीद. पाण्यात पावागड उलटा. पाणकावळे पंख वाळवत बसलेले.

चांपानेरला हजार विहिरींचं शहर म्हणायचे. नदीच्या भरवशावर नाही, पावसाच्या भरवशावर उभं राहिलेलं नगर आहे हे. डोंगराच्या उतारावरून येणारं पाणी तलावांत अडवायचं, घराघरात जमिनीखाली टाकं, मशिदीपाशी वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, कुंड. जामा मशिदीचं अष्टकोनी कुंड आम्ही रोज ओलांडतो. आज त्याचा उतार आणि पाण्याची वाट पहिल्यांदा डोळसपणे पाहिली.

मुलीने वहीत लिहिलेलं वाचलं: ‘इतकं पाणी साठवणाऱ्या माणसांना इथे खूप वर्षं राहायचं होतं.’ ते वाक्य तसंच ठेवायला सांगितलं.

२ जानेवारी २०२५

आजची नोंद मोठी होणार.

दक्षिण मिनारावरचा, जोत्यावरून तिसरा गोखला. दोन्ही बाजूंना बोटभर जाडीचे खांब, खांबांना स्वतःची कुंभी आणि शरू, डोक्यावर उद्गमाची, म्हणजे शिखरासारख्या निमुळत्या नक्षीची, उतरंड. देवळात या चौकटीत देव उभा असता. इथे चौकटीच्या तळातून एक झाड उगवलं आहे. सरळ बुंधा, दोन्ही बाजूंना फांद्या गोल वळत जातात, प्रत्येक वळशाच्या पोटात एक फूल, टोकाला कळी. मिनाराच्या तळावर असे गोखले ओळीने आहेत आणि कुठल्याही दोन गोखल्यांची नक्षी सारखी नाही. मूर्ती नको म्हटल्यावर कारागिराने चौकट रिकामी सोडली नाही. ज्या जागी पूजेची वस्तू असायची, तिथे त्याने तितक्याच मनाने झाड घडवलं.

या गोखल्याचा डावा वरचा कोपरा सुटून गेला आहे, तळहाताएवढा. मुलाने काल रात्री घरी बसून संगणकावर उजवा अर्धा भाग आरशासारखा उलटवून डावीकडे बसवला आणि चित्र पुरं केलं. सकाळी मोठ्या आनंदाने दाखवलं. दिसत सुंदर होतं. मी एवढंच म्हटलं, बारा वाजेपर्यंत थांबू.

सव्वाबाराला ऊन घासून जाऊ लागलं. त्याला म्हटलं, जो भाग शाबूत आहे तिथे डावं-उजवं मोजून बघ. खालच्या पहिल्या वळशाला उजवीकडे पाच पानं, डावीकडे सहा. उजवीकडची फांदी बुंध्याच्या पुढून जाते, डावीकडची मागून. दुसऱ्या वळशातलं उजवं फूल पूर्ण उमललेलं, पाकळ्या बाहेर दुमडलेल्या. डावं अर्धवट मिटलेलं. तो एकेक गोष्ट मोठ्याने मोजत गेला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला.

मिस्त्रीकाका बाजूलाच होते. त्यांनी समजावलं. कारागीर दगडावर मधली रेघ मारतो, वळशांची जागा परकाराने बांधून घेतो. तोल तिथेच पक्का होतो. त्यापुढे पान हाताने येतं. झाडाला दोन बाजू सारख्या कुठे असतात, बेन?

म्हणजे उलटवलेलं चित्र देखणं होतं, पण ते या दगडाचं नव्हतं. गेलेल्या कोपऱ्यात काय होतं ते ज्याने घडवलं त्यालाच ठाऊक. आपण तिथे पान काढलं, तर पन्नास वर्षांनी कुणीतरी ते पान खरं धरून दगडात घडवेल. अशीच चूक पिढ्यांपिढ्या पुढे जाते. मुलाला रागावले नाही. त्याच्या वयात मीही हेच केलं असतं. त्याने स्वतःच ती फाइल काढून टाकली.

आजपासून रेघांचे नियम, तिघांनाही बंधनकारक:

जे दिसतं आणि बोटाला लागतं ते अखंड रेघेने. जिथे फुटलेल्या कडेवरून घडणीची दिशा नक्की कळते तिथे तुटक रेघ, पण तुटलेल्या जागेपासून एका बोटाच्या पुढे जायचं नाही. गेलेलं ते कोरं. नंतरच्या काळात भरलेला दगड किंवा सिमेंट तिरप्या बारीक रेघांनी.

१६ जानेवारी

उत्तरायण, वासी उत्तरायण, दोन दिवस सुट्टी. घरून तिळगूळ आणला होता, चौकीदारकाकांना दिला. त्यांच्याकडून उंधियू आलं.

गच्चीवरच्या जाळीत पतंगाचा मांजा अडकलेला. ओढला तर काचेच्या दोऱ्याने दगडाची कड कापली जाते. लांब दांड्याच्या कात्रीने तुकडे करून सोडवला. अर्धा दिवस गेला. मिनारांच्या वरच्या भागात अजून थोडा आहे, तिथे आमचा हात पोचत नाही; पाखरं अडकू नयेत म्हणून काकांनी कार्यालयात कळवलं.

मिनार सुमारे तीस मीटर उंच आणि दोन्ही उभे. अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार १८१९च्या भूकंपाने पाडले. इथले मिनार आणि त्यांचे तळ एकत्र पाहायला मिळतात हे केवढं मोठं भाग्य आहे, ते तिथे उभं राहून पाहिलं की कळतं.

२१ जानेवारी

ताडून पाहण्यासाठी नगीना मशिदीला गेलो. वाट झाडीतून, शेवटचा टप्पा चालत. पांढरट दगड, म्हणून नगीना. शेजारच्या रौझ्याचे (कबरीवरच्या इमारतीचे) खांब आणि खिडक्यांच्या चौकटी पाहून मुलगी म्हणाली की हे जामा मशिदीतल्या हातांनीच केलेलं दिसतं. दिसतं खरं. पण लिहायचं नाही. ‘मांडणीत साम्य’ एवढंच लिहिलं.

परतताना लीला गुंबज. लीला म्हणजे गुजरातीत हिरवा. घुमटाला एकेकाळी रंग होता म्हणून हे नाव. केवडा मशीद वेळेअभावी राहिली.

३० जानेवारी

प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांकडून निरोप: प्रदर्शनाच्या मोठ्या फलकासाठी तिसऱ्या गोखल्याचं ‘पूर्ण’ चित्र हवं, कोरा कोपरा बघणाऱ्याला खटकेल. फोनवर बराच वेळ बोलले. म्हटलं, खटकू द्या. त्या कोपऱ्यात पाऊस, क्षार आणि पाचशे वर्षं आहेत. तोही या शहराचा इतिहासच आहे. शेवटी असं ठरलं की फलकावर कोरा कोपरा तसाच राहील आणि शेजारी रेघांचे नियम छापले जातील. बाजूला शहर ओस का पडलं याचा मजकूर हवा, दीडशे शब्दांत.

६ फेब्रुवारी

तो मजकूर चार दिवस लिहिते आहे. दीडशे शब्दांत बसत नाही, म्हणून आधी इथे मोकळा लिहिते.

गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने सुमारे वीस महिने वेढा देऊन १४८४ साली पावागड घेतला. गड खीची चौहानांचा, लोकांच्या तोंडी पताई रावळाचा. जुनागड आणि पावागड हे दोन गड घेतले म्हणून ‘बे गड’, बेगडा, असं लोक सांगतात. पायथ्याशी नवी राजधानी वसवली, मुहम्मदाबाद उर्फ चांपानेर. माळवा आणि गुजरात यांच्या वाटेवरची मोक्याची जागा. मशीद पुरी व्हायला दोन तपं लागली. ती पुरी झाल्यावर दोन-तीन वर्षांतच, १५११ साली, बेगडा गेला.

पुढे १५२६ साली सुलतान सिकंदर शाह काही आठवड्यांच्या राज्यानंतर मारला गेला. त्याची कबर हालोलला आहे. मग बहादूर शाह. आणि १५३५ साली हुमायून. गडाच्या ज्या कड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं तिथे रात्री लोखंडी खिळे ठोकून मोगलांची तुकडी वर चढली. तीत बैरामखान होता, आणि त्याच्यामागून खुद्द हुमायून. खजिना लुटला गेला. बहादूर शाहाने पुढच्याच वर्षी गुजरात परत मिळवला, पण १५३७ साली पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत दीवच्या समुद्रात तो मेला. दरबार चांपानेरला परतला नाही. राजधानी पुन्हा अहमदाबादेत गेली.

फलकावर ‘हुमायूनने शहर उद्ध्वस्त केलं’ असं एका वाक्यात उरकता येईल, पण मला ते पटत नाही. लुटलेली शहरं पुन्हा उभी राहतात, खुद्द आपल्याकडे कितीतरी राहिली. चांपानेर दरबारासाठी वसवलेलं होतं. दरबार उठला, की सरदार उठले. सरदारांमागून सराफ, विणकर, सोमपुरा सगळे पोटामागे गेले. मग तलावाचा गाळ काढणारं कुणी उरलं नाही, पाटात पान अडकलं तर ते काढणारंही. जहांगीराच्या काळात लिहिल्या गेलेल्या ‘मिरात-ए-सिकंदरी’ या इतिहासग्रंथात चांपानेर वाघांचं रान झाल्याचं वर्णन आहे. ज्या चंदनाची घरं बांधत असत त्या चंदनाचं झाडही औषधाला उरलं नव्हतं. पन्नास वर्षांची राजधानी, आणि पुढच्या शंभर वर्षांच्या आत जंगल.

मातीविटांची घरं जमिनीत मिसळली. दगडाच्या मशिदी राहिल्या, म्हणून आपल्याला वाटतं हे मशिदींचं शहर होतं. हे घरांचं शहर होतं, घरं तेवढी दिसत नाहीत.

हे शेवटचं फलकावर घ्यावं असं वाटतं.

१२ फेब्रुवारी

उत्तर मिनाराच्या सर्वांत वरच्या गोखल्यापाशी आग्या मोहोळ बसलं आहे. दुर्बिणीतून जेवढं दिसलं तेवढं काढलं. धूर करायचा नाही, काठी लावायची नाही, हे मुलांना आणि बघ्यांना तीनदा सांगितलं. पत्रकावर तो चौकोन कोरा, आणि आत बारीक अक्षरात: ‘मोहोळ, फेब्रुवारी २०२५’.

१८ फेब्रुवारी

पत्रकं ताडली. एकूण बावीस. टेप पट्टीवर ताडून, बेरजा दोनदा करून, तिघांच्या सह्या.

मिस्त्रीकाकांना तिसऱ्या गोखल्याचं पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उन्हात तिरपा धरला आणि बोट खालून वर नेत गेले, पहिल्या दिवशी दगडावर नेलं होतं तसं. खरो, कुंभो, कळशो. बोट झाडावर आलं, उजव्या फांदीवरून फिरलं, डाव्या फांदीची सहा पानं मोजली आणि कोऱ्या कोपऱ्याशी येऊन थांबलं. ‘अहींथी गयुं छे,’ म्हणाले. इथून गेलं आहे. आणि कागद घडी न घालता, दोन्ही हातांनी मुलाकडे परत दिला.

शिल्लक काम: मोहोळ उठल्यावर उत्तर मिनाराचा वरचा गोखला. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, याच जागांचे याच वेळेचे फोटो, पापुद्रा किती सुटला ते मोजायला. केवडा मशीद. नवी टेप.